पोतडीतलं दुसरं वजन

चवथ होऊन आठवडा झाला,
शुक्रवारचा म्हापशाचा बाजार दमलेला.
माटोळीची उरलेली कांगलां कुणी गटाराशी लोटलीत,
आणि सणभर तोलतोलून वाकलेले काटे
माझ्या दुकानात ओळीनं आलेत
दवाखान्यात यावं तसे.

एस्पेरान्सा मयड्याहून केळी आणते.
तिचा काटा पन्नास ग्रॅम खातो.
"तें आसूं दी, बाब, नुसता गंज काढ."
मी गंज काढतो. पन्नास ग्रॅमही काढतो.
तोंड वाकडं करून ती पैसे देते,
वर दोन केळी, न तोलता.

या आठवड्याची पराशा, की तेत्से.
इथं आमचे दहा पुरुष जमत नाहीत.
हिवाळ्यात पाहुणे आले तर कधीतरी,
बाकी वर्षभर मी आणि बाबांची वही:
निळ्या शाईत दर शब्बाथचा पाठ मराठीतून,
समासात पेन्सिलीनं घर.
भिंतीवरल्या डागांच्या पाठाशेजारी
'पडवीला बुरशी. चुना तीन किलो.
भांडी आधी बाहेर काढणे, तोरातही तसंच आहे.'
याकोब आणि एसाव यांच्या शेजारी
'एलियाझर, मनाशे. सायकलवरून. दोघांनाही दिली एकेक.'
(थप्पड. सायकल एकच होती.)

की तेत्सेत सगळं असलंच, हाताशी येणारं:
कुणाचा बैल चुकला तर पोचता कर,
मजुराची मजुरी सूर्य बुडायच्या आत दे,
पोतडीत दोन वजनं ठेवू नकोस, एक मोठं, एक लहान.
इथं बाबांनी लिहिलंय, 'हे आपलं दुकान.'
आणि घराच्या गच्चीला कठडा कर,
कुणी पडलं तर रक्त तुझ्या घरावर.
इथं समास कोरा.
तेव्हा आमचं घर कौलारू होतं.

गच्ची मी बांधली, बाबा गेल्यावर.
एलियाझरनं बेरशेबाहून पैसे पाठवले,
'कठड्यासाठी. आई वर सोलं वाळवते.'
त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक काटे आले,
दुकान वाचवायचं होतं.
मी काथ्याची दोरी बांधली, तिला रिकाम्या बाटल्या,
आईला दिसावी म्हणून.

ती पडली नाही.
सहा वर्षांनी आझिलोत गेली, पलंगावर, झोपेत.
आणि तेव्हापासून मी तोलतोय:
माझ्या पारड्यात रात्री, बेडपॅन, तिची नखं कापणं,
त्याच्या पारड्यात मनीऑर्डरी, विमानाचं एक तिकीट.
"तू नव्हतास," प्रत्येक फोनवर, वेगवेगळ्या शब्दांत.
लोकांचे काटे तीस वर्षं सरळ करतोय मी.
कठड्याचे पैसे
कुठल्याच पारड्यात घातले नव्हते.

चार वाजता दुकान ओढलं.
पोऱ्याची मजुरी दिली, उजेड असताना.
टेप घेऊन वर गेलो.
दोरी कुजलीय. बाटल्यांत पाणी, पाण्यात डासांची पोरं.
बावीस फूट, बारा फूट, जिन्याकडे साडेतीन.
शब्बाथ लागला की लिहिता येत नाही,
म्हणून घाईत, त्या कोऱ्या समासात, पेन्सिलीनं:
'कठडा. आग्नेल वेल्डर, सोमवारी.
पैसे एलियाझरचे. आलेले होते.'

खाली मनुकांचं सरबत गाळून ठेवलंय.
दिवे लावायला वीस मिनिटं.
तिकडं अजून भरदुपार, त्याच्या शुक्रवारला
माझ्यापेक्षा अडीच तास जास्त.
फोन लावला.

"गच्ची मोजली," म्हटलं. "कठड्यासाठी.
तू पैसे पाठवले होतेस, मी ते..."

"कुठला कठडा?" तो म्हणाला.
मागे कुणीतरी कांदा परतत होतं.
"मनाशे? ऐकू येतंय का? कसले पैसे?"